लव्हाळा, हरळी आणि भाऊबंदकी

गवत ही बागेत शोभेसाठी विकत आणून लावायची वस्तू आहे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझा गवताशी संबंध फक्त ते उपटण्यापुरता होता. आमच्या घराण्यात हे काम तीन पिढ्या चाललं आहे. आजोबांनी शेतातलं उपटलं, वडिलांनी शेतातलं आणि परसातलं उपटलं, आणि मी नोकरीपायी पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असताना निदान तुळशीच्या कुंडीतलं तरी उपटलं. अशा घराण्यातल्या माणसानं रोख पैसे मोजून, रीतसर पावती घेऊन, गवताची अकरा रोपं टेम्पोत घालून घरी आणावीत, हा आमच्या कुळाच्या इतिहासातला नवा कालखंडच म्हणायचा. म्हणून हा इतिहास लिहून ठेवतो आहे.

पण इतिहासाच्या आधी भूगोल. आमचं गाव तळेगाव. असं म्हटल्याबरोबर समोरचा माणूस हटकून म्हणतो, "वा! लोणावळ्याच्या वाटेवरचं ना?" ते नव्हे. ते तळेगाव दाभाडे. सेनापती दाभाड्यांचं, पैसा फंडाच्या काच कारखान्याचं. आमचं तळेगाव ढमढेरे. नगर रस्त्यानं शिक्रापूरपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. दोन्ही तळेगावांना सरदारांची आडनावं लागली, पण एक पुण्याच्या या अंगाला तर दुसरं त्या अंगाला. माझ्या लग्नाला निघालेले मुलीकडचे एक काका आहेराची समई घेऊन थेट त्या तळेगावात उतरले होते. ते परत आले तेव्हा पंगतीत पाण्याचे पेलेच तेवढे उरले होते. आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव वेळ. नदीचं नाव वेळ असलं म्हणून तिला पाणी वेळेवर येतंच असं नाही. पण तो मुद्दा वेगळा.

या गावात आमचं जुनं घर आहे. म्हणजे अर्धं घर आहे. उरलेलं अर्धं माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. वडील गेले आणि रीतीप्रमाणे वाटणी झाली. या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास फार बोलका आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन या साहेबांनी पिंपळे सौदागर या गावाचा कसून अभ्यास केला आणि १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी हिशेब मांडला की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती आणि १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली. कारण एकच. बाप जातो, पोरं वाटून घेतात. पुढे याच साहेबांनी दुसरं गाव अभ्यासाला घेतलं ते जातेगाव बुद्रुक. हे आमच्याच शिरूर तालुक्यातलं, आमच्या शेजारचं. तो अभ्यास १९२१ साली छापून आला. मॅनसाहेब जातेगावहून आणखी थोडे पुढे आले असते तर आमचं घराणंही छापून आलं असतं. असो. आता पिंपळे सौदागरात जमीन एकरानं नव्हे, चौरस फुटानं मोजतात, आणि आमच्या परसात ती हातानं मोजतात.

कारण आमचा वाद सव्वा हाताचा आहे. दादाच्या मते वाटणीची रेघ आडाच्या कट्ट्यापासून धरायची. माझ्या मते ती चिंचेच्या बुंध्यापासून धरायची. दोन्हींत फरक सव्वा हाताचा. या सव्वा हातापायी आम्ही दोघे सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. निरोप बायकांमार्फत. "वहिनी, त्यांना म्हणावं लाइटबिल आलंय." मग पलीकडून आवाज, "त्याला म्हणावं पाहिलंय." सगळं इतक्या मोठ्यानं, की निरोप पोचवायची गरजच उरत नसे. पण वहिनी बिचाऱ्या तो पुन्हा सांगत. रीत म्हणजे रीत.

निवृत्त होऊन गावी परतल्यावर माझा पहिला बेत होता भिंतीचा. गवंड्याला बोलावलं. त्यानं पायानं जागा मोजली, आभाळाकडे पाहिलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मीही आभाळाकडे पाहिलं. शिवाय भिंत म्हटली की पाया आला, पाया म्हटला की रेघ आली आणि रेघ म्हटली की पुन्हा आड का चिंच! तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलेली आमची कन्या म्हणाली, "बाबा, भिंत कशाला? ऑर्नामेंटल ग्रास लावा ना. उंच वाढतं, पडदाही होतो आणि छानही दिसतं."

"काय लावू?"

"गवत. शोभेचं."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. पण तिनं मोबाइल काढला आणि एकामागून एक बागा दाखवायला सुरुवात केली. इंग्लंडातल्या, हॉलंडातल्या, अमेरिकेतल्या. जिकडे पाहावं तिकडे गवतच गवत! एका फोटोवर मात्र मी थबकलो. लांब काळपट जांभळी पानं, मध्ये भरगच्च कणीस. म्हटलं, "अगं, ही तर बाजरी!" निघालीही बाजरीच. अमेरिकेत २००३ साली बागेतल्या नव्या रोपांच्या स्पर्धेत या जांभळ्या बाजरीला चक्क सुवर्णपदक मिळालं आहे. 'पर्पल मॅजेस्टी' असं तिचं भारदस्त नाव. ज्या शिरूर तालुक्यात पिढ्यान् पिढ्या बाजरी पिकली, भाकरी होऊन पोटात गेली आणि सरमाड होऊन गुरांच्या पोटात गेलं, तिथल्या एकाही बाजरीला कोणी पदक सोडा, साधा नारळसुद्धा दिला नाही. त्या क्षणी माझा स्वाभिमान जागा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उरुळी कांचनकडे रोपवाटिका धुंडाळायला निघालो.

त्या भागात रोपवाटिकांची नुसती रांग लागलेली आहे. आम्ही शिरलो तिथला मुलगा वयानं लहान, पण ज्ञानानं अफाट. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, ग्रास पाहिजे का सेज?" मी आपलं बावळटासारखं म्हणालो, "गवत पाहिजे." मग त्यानं एक काडी तोडून माझ्या हातात दिली. "बोटांत फिरवून बघा." फिरवली. गोल फिरली, मध्ये पेरं लागली. "हे गवत. आता ही फिरवा." दुसरी काडी बोटांत अडखळत फिरली. तिला तीन धारा होत्या, आणि पेर औषधाला नाही. "हा सेज. म्हणजे लव्हाळ्याच्या जातीचा." आतून गवताची काडी बहुधा पोकळ, लव्हाळ्याची भरीव. गवताची पानं काडीच्या दोन बाजूंना निघतात, लव्हाळ्याची तीन बाजूंना. जन्मभर ज्यांना मी सरसकट 'गवत' म्हणून उपटलं ती दोन वेगळी घराणी होती तर! मला उगाचच अपराधी वाटलं.

आता तुम्हीही कधी बागेसाठी गवत आणायला जाल म्हणून माझा अनुभव सांगून ठेवतो. पहिला मान पंपास गवताचा. हे दक्षिण अमेरिकेतलं. पुरुषभर उंच, वर पांढरे झुबकेदार तुरे. हल्ली लग्नाच्या मांडवात वाळवून लावतात ते हेच. पण त्याच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात. मी प्रेमानं हात फिरवला आणि तर्जनीला चिंधी बांधून घरी आलो. शिवाय ते एकदा मोकळं सुटलं की आवरत नाही. न्यूझीलंडमध्ये तर त्याच्या विक्रीवर बंदीच आहे. दुसरं फाउंटन ग्रास. हे कमरेइतकं, लालसर जांभळ्या पानांचं, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या मऊ कणसांचं. दिसायला देखणं, स्वभावानं गरीब आणि जातीनं बाजरीचं चुलत भावंडं. तिसरं पुण्यातल्या निम्म्या गच्च्यांवर दिसणारं छत्रीचं झाड. त्याला लोक अम्ब्रेला पाम म्हणतात, पण ते पाम नव्हे, आफ्रिकेतून आलेला लव्हाळा आहे. त्याला पाणी लागतं, मोरीच्या तोंडाशी सोडलंत तर सुखानं नांदतं. आणि चौथा पपायरस. हाही लव्हाळाच, पण नाईलकाठच्या थोर घराण्यातला. याच्या गाभ्याच्या पट्ट्या काढून इजिप्तच्या लोकांनी लिहायला पानं केली, आणि इंग्रजीतला 'पेपर' हा शब्द याच्याच नावावरून आला. ज्याच्यावर फॅरोच्या कारकुनांनी हिशेब लिहिले, तो आपल्या परसात असावा, असं तीस वर्षं कारकुनी केलेल्या कोणाला वाटणार नाही?

फाउंटन ग्रास सहा, पंपास दोन, छत्रीची दोन आणि पपायरस एक, अशी अकरा रोपं घेतली. बिल झालं २,८५० रुपये. आमच्या हिनं पावती देवघरातल्या गीतेत ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ही अकरा रत्नं चिंचेच्या रेघेनं लावली. दादा पलीकडून पाहत होता. बोलला काही नाही. पण वहिनींना मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंस का, गवत लावतायत." वहिनींनी इकडे निरोप दिला नाही. त्यातलं तात्पर्य त्यांना इकडे आणावंसं वाटलं नसावं.

त्या रात्री मी नव्या बागेच्या अभ्यासाला बसलो. कन्येनं जाण्यापूर्वी मोबाइलवर जुनी पुस्तकं कशी उघडायची ते शिकवलं होतं. वाचता वाचता लक्षात आलं की गवताला तुच्छ लेखणारे आपणच. थोर माणसांनी त्याला कधी क्षुल्लक मानलं नाही. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या लष्कराच्या मुक्कामाला धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर वैरण पुरवून वापरा, रयतेच्या काडीला हात लावू नका, आणि रात्री दिवे विझवा, नाही तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, अशी त्यात ताकीद आहे. राज्य उभं करणारा माणूस गंजीत शिरणाऱ्या उंदराचा विचार करतो! तुकोबांनीही महापुरात टिकणाऱ्या लव्हाळ्याचं नम्रतेसाठी कौतुक केलं आहे. ज्यानं लव्हाळा खणून पाहिला आहे, त्याला मात्र यातली नम्रता फक्त जमिनीच्या वर असते हे ठाऊक आहे. जमिनीखाली गाठींची माळच असते. एक गाठ ओढली की माळ तुटते आणि तुटलेला प्रत्येक मणी नवा कोंब काढतो.

या लव्हाळ्याचा बंदोबस्त कसा करावा, यावर १९२५ साली पुण्याच्या शेतकी खात्यातल्या रानडे आणि बर्न्स या दोघांनी चांगला नव्वद पानांवर प्रबंध लिहिला. मौज अशी की याच बर्न्ससाहेबांनी त्याच सुमारास कुलकर्णी आणि गोडबोले यांना जोडीला घेऊन देशातली गवतं आणि कुरणं यांवरही लिहिलं. एका हातानं मारायचं आणि दुसऱ्या हातानं जपायचं. पुण्याच्या भांबुर्ड्याच्या माळावर त्यांचं निरीक्षण चालायचं. ते भांबुर्डं म्हणजे आजचं शिवाजीनगर. आता तिथे निरीक्षणासाठी वाहनं तेवढी उरली आहेत. १९३५ साली ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं जाडजूड पुस्तक निघालं. आणि त्या सगळ्यांच्या आधी, १८८९ साली, मूळचे गोव्याचे असलेल्या डॉक्टर लिस्बोआंच्या पत्नीनं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात सुगंधी गवतांवर लेख लिहून एका नव्या गवताची ओळख जगाला करून दिली. डॉक्टरसाहेबांनीही गवतांची यादी केली होती, पण या वासाच्या गवताच्या शास्त्रीय नावाशेजारी जो 'लिस्बोआ' लागतो तो बाईंचा. हे मी हिला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाहिलंत? बायकोला गवतातलं कळतं. मी आधीच म्हणत होते, पैसे पाण्यात जाणार."

ते चौथ्या दिवशी गेले.

त्या दिवशी मला बँकेच्या कामाला शिरूरला जायचं होतं. परसात खुरपणी राहिली होती म्हणून हिनं नेहमीच्या मावशींना बोलावलं. मावशी कामाला चोख. दुपारी परत येतो तो परस काशीच्या घाटासारखं लख्ख! मावशी खुरपं धूत म्हणाल्या, "लई माजलं हुतं बगा गवात. त्या चिंचंपासनं तर वळीनं उगवलं हुतं. मुळासकट काडलं." माझ्या तोंडून शब्द फुटेना. विचारलं, "मग ते टाकलं कुठं?" मावशींनी बांधापलीकडे बोट केलं. "वाया कशापायी घालवायचं? म्हशीम्होरं टाकलं."

म्हैस दादाची.

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. रागावणार कोणावर? मावशींची चूक काय? त्यांनी तेच केलं जे आमच्या घराण्यानं तीन पिढ्या केलं. एवढ्यात पलीकडून दादा आला. बांध ओलांडून, आड आणि चिंच या दोन्ही रेघा ओलांडून थेट माझ्यासमोर उभा राहिला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला सरळ म्हणाला,

"माझ्या म्हशीला काय घातलंस?"

त्याचा चेहरा पाहून माझी सगळी उत्तरं घशातच राहिली. तो रागावला नव्हता, घाबरला होता. रोपवाटिकेतलं रोप. त्याच्यावर काय फवारलेलं असेल, कोण जाणे! कोवळी ज्वारी खाऊन जनावर उभ्या उभ्या दगावतं हे शेतकऱ्याला माहीत असतं. मग असल्या परदेशी पाल्याचा काय भरवसा? म्हैस दुभती. तिच्यावर दादाच्या घरातला रोजचा पैसा चालतो. मी पावती शोधायला धावलो. गीतेतून पावती काढून रोपवाटिकेला फोन लावला. त्या मुलानं सांगितलं, आठ दिवसांत काही मारलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पोट फुगतंय का बघा, रवंथ करते का बघा, आणि काही वाटलं तर लगेच कळवा.

तेव्हा आम्ही दोघे भाऊ गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. काय बोलायचं ते सुचेना. शेवटी दादा उठला आणि दावणीतलं उरलंसुरलं चाळू लागला. "हे बघ," तो म्हणाला, "एवढी तीन टाकलीन तिनं." पाहतो तो छत्रीची दोन आणि पपायरस! अकरापैकी आठ गवतं खाल्ली होती आणि तिन्ही लव्हाळे बाजूला काढून ठेवले होते. जे शिकायला मला त्रेसष्ट वर्षं आणि २,८५० रुपये लागले, ते म्हशीला जन्मतःच येत होतं. मी दादाला काडी बोटांत फिरवायची युक्ती सांगायला गेलो. तो म्हणाला, "तीनधारी कांडीला आपलं जनावर तोंड लावत नाही. आबांनी सांगितलेलं. तू तेव्हा शाळेत असशील." मी खरंच शाळेत होतो. घरातली हुशारी माझ्या वाट्याला आली आणि शहाणपण सगळं शेतात राहिलं.

रात्र चढली. म्हैस गप्प उभी होती. दादा मग आपणहून बोलू लागला. माळावर पूर्वी मारवेल कशी गुडघाभर असायची, पवना कसा असायचा, सुप्याकडे हरणं कशी दिसायची. मी वाचलेलं सांगितलं की सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य केलं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथल्या गवताळ माळावर चिंकारा आहे. दादा म्हणाला, "माळाला सरकार पडीक म्हणतं. पडीक कसा? गवत काय झोपलेलं असतं होय?"

मग त्यानं आजोबांची गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती. वडिलांनी ती थोरल्यालाच सांगितली होती.

नदीकाठचं काळं रान आमचं होतं. पाच एकर. त्यात हरळी शिरली. हरळी वरूनही धावते आणि खालूनही धावते. साध्या लाकडी नांगराला ती दाद देत नाही. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तो १९०३च्या सुमाराला. पण लोखंडानं जमीन नासते असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि आजोबांच्या हाती तो नांगर यायला आणखी किती तरी वर्षं गेली. नांगराला जुंपायला आठ बैल लागत. घरचे दोन. उरलेले सहा भाड्याचे. त्यासाठी आजोबांनी कर्ज काढलं. तीन उन्हाळे रान उलथं केलं. आजी आणि घरातली पोरं मागून काशा वेचत चालायची. वेचायच्या, ढीग करायचे, वाळवायच्या, जाळायच्या. एक तुकडा राहिला तरी पुन्हा येते म्हणून संध्याकाळी कंदील घेऊन वेचायच्या. आजीच्या बोटांना नखं उरली नव्हती. चौथ्या वर्षी रान लोण्यासारखं झालं. एक काशी दिसेना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्याच वर्षी सावकारानं घेतलं. साफ रानाला भाव चांगला येतो."

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. पाच एकर गेले त्याबद्दल आजोबा कोणाशी भांडले नव्हते. त्यांचे नातू आम्ही सव्वा हातावर नऊ वर्षं काढली होती. हे दोघांच्याही मनात आलं असावं. कारण दादा उगाचच खाकरला आणि मी उगाचच विजेरी लावून म्हशीचं पोट पाहिलं.

पहाटे तीनच्या सुमाराला म्हैस ऐसपैस खाली बसली आणि डोळे अर्धवट मिटून रवंथ करू लागली. दादानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पचलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "केवढ्याला पडलं म्हणालास?" मी आकडा सांगितला. त्या अंधारात दादा जो हसायला लागला, तो वहिनी कंदिलासारखा मोबाइल धरून बाहेर येईपर्यंत थांबेना. म्हैससुद्धा क्षणभर रवंथ थांबवून बघत राहिली. आमच्या पंचक्रोशीत इतका महाग चारा तिच्याखेरीज कोणी खाल्लेला नाही.

सकाळी चहा पिताना दादा म्हणाला, "तुला गवतच लावायचंय ना? मग वाळा लाव." आईनं मोरीच्या पाण्यावर लावलेलं वाळ्याचं बेट वाटणीत दादाकडे गेलं होतं. उन्हाळ्यात आई त्याची जुडी माठात टाकायची, त्या पाण्याचा वास मला पुण्याच्या फ्रिजपुढे उभं राहून पुष्कळदा आठवला आहे. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, आठ-दहा फुटांपर्यंत. तो हरळीसारखा शेजाऱ्याच्या रानात घुसत नाही. कर्नाटकात म्हैसूरकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताची हद्द म्हणून वाळाच लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांना ते दिसलं, आणि मग धूप थांबवायला वाळा लावा असं त्यांनी जगभर सांगायला सुरुवात केली. हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आईला बँकेनं कुठं विचारलं होतं?" आणि कुदळ आणायला गेला.

बेट फोडून ठोंब काढले. आता लावायचे, तर रेघ कुठून धरायची? आड का चिंच? कुदळ हातात घेऊन आम्ही पुन्हा अर्धा तास भांडलो. पण हे भांडण समोरासमोरचं होतं, त्यामुळे वहिनींना काहीच काम उरलं नाही. शेवटी तोड निघाली. चिंचेकडच्या टोकाला माझ्या म्हणण्याप्रमाणे लावायचं, आडाकडच्या टोकाला दादाच्या म्हणण्याप्रमाणे, आणि मध्ये जसं जमेल तसं. त्यामुळे आमचा वाळा सरळ लागलेला नाही. तो मध्ये चांगलाच वाकडा आहे. कन्येनं फोटो पाहून कळवलं की परदेशात मुद्दाम अशा वळणाच्या रांगा लावतात. ते मी दादाला सांगितलं नाही.

आता परसात काय काय आहे, त्याचा हिशेब देतो. वाळा आहे. म्हशीनं नापास केलेले तिन्ही लव्हाळे पुन्हा लावले, ते मोरीपाशी जगले आहेत. आणि आमचा देशी लव्हाळा आणि हरळी अर्थातच आहेत. १९७७ साली होल्म नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यांत त्रासदायक तणांवर पुस्तक लिहिलं. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. अख्ख्या जगात पहिला आणि दुसरा आलेले हे दोघे आमच्या परसात एकत्र नांदतात. गंमत बघा, त्याच लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे मोथा, जो दिवाळीच्या उटण्यात पडतो. आणि तीच हरळी बर्म्युडा ग्रास या नावानं साहेबाच्या गोल्फच्या मैदानावर आणि दूर्वा या नावानं गणपतीच्या डोक्यावर मिरवते. आजीची नखं काढणारीही तीच.

यंदा गणपतीत सकाळी वहिनींची हाक आली, "भावजी, तुमच्याकडच्या दूर्वा घेऊ का? आमच्याकडे कोवळ्या नाहीत." मी म्हटलं, घ्या की. पाहतो तो आड आणि चिंच यांच्यामधल्या त्या सव्वा हातात, जिथे नऊ वर्षं कोणी पाय ठेवला नव्हता, तिथेच दूर्वा सगळ्यांत कोवळ्या होत्या. वहिनींनी एकवीस खुडल्या, हिनं एकवीस खुडल्या. दादा ओसरीवरून ओरडला, "त्या माझ्या हद्दीतल्या आहेत, एवढं लक्षात ठेवा!" मीही इकडून ओरडलो, "चिंचेपासून मोज, म्हणजे कळेल!"

तो सव्वा हात कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही. हरळीनं मात्र तो केव्हाच आपल्या नावावर करून घेतला आहे.